'किती पेशन्स आहे गं तुला!' : हातकामाचं कौतुक नेमकं कशाचं करायचं?

टाकादोरा

बरेच दिवस डोक्यात आहे, म्हटलं एकदाचं लिहून मोकळं व्हावं. पॅचवर्कची गोधडी असो, हाताने केलेलं ग्रीटिंग कार्ड असो, बघणाऱ्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, 'बापरे किती पेशन्स आहे तुला, आपल्याला नाही बुवा जमणार'. चांगल्या मनानेच म्हणतात सगळे, त्याबद्दल तक्रार नाही. पण ऐकून ऐकून आता वाटायला लागलंय की आपण न कळत असं धरून चालतो की हे काम म्हणजे नुसता वेळ घालवणं, बूड टेकून बसलं की आपोआप होतं. म्हणजे कुणी तासभर ख्याल गाऊन उठावं आणि आपण म्हणावं 'किती वेळ बसलात हो मांडी घालून!'

पेशन्स लागतो, नाही कोण म्हणतंय. पण पेशन्स असलेली शंभर माणसं बसवली तरी त्यातल्या किती जणांच्या चौकोनांचे कोपरे एकमेकांना बरोब्बर भिडतील?

एकच गोष्ट जरा खोलात सांगते. पॅचवर्कमध्ये दोन तुकडे जोडताना शिवणीला पाव इंच माया (शिवणीपलीकडे आत राहणारं कापड) ठेवतात. आता समजा हात जरासा हलला आणि माया अर्धा सूत जास्त गेली (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). अर्धा सूत म्हणजे डोळ्याला कळतसुद्धा नाही. पण शिवण दोन तुकड्यांची आहे, दोन्हीकडून अर्धा अर्धा सूत गेला म्हणजे एका शिवणीत अख्खा सूत खाल्ला. एका ओळीत अशा सोळा शिवणी असल्या तर ओळ दोन इंचांनी आखूड! आणि शेजारची ओळ जर नीट शिवलेली असेल तर ह्या दोन ओळी आता जन्मात जुळायच्या नाहीत. त्यातून आणखी एक भानगड म्हणजे शिवण इस्त्रीने एका बाजूला पाडली की त्या घडीतच कापडाचा एखाददुसरा धागा जातो, म्हणून मुरलेले लोक मुळात पाव इंचापेक्षा केसभर कमीच माया घेतात. ह्याला पेशन्स म्हणायचं का? ही नजर आहे, हात आहे आणि बऱ्यापैकी हिशेबही आहे.

इस्त्रीचंही तेच. आपण शर्टाला फिरवतो तशी इस्त्री इथे फिरवायची नाही, उचलायची आणि टेकवायची, नाहीतर तुकडा ताणला जातो. आणि एका ओळीतल्या शिवणी डावीकडे पाडल्या तर पुढच्या ओळीतल्या उजवीकडे, म्हणजे दोन ओळी समोरासमोर आल्या की त्या शिवणींचे उंचवटे एकमेकांत अडकतात आणि चौक (चार कोपरे भेटतात ती जागा) आपोआप जुळतो. पुढून बघणाऱ्याला ह्यातलं काहीही दिसत नाही, आणि चांगलं जमलं असेल तर दिसायलाही नको, हीच तर पंचाईत आहे.

तर प्रश्न असा, की तुमच्या तुमच्या कलेत असं काय काय आहे जे बघणाऱ्याला कळत नाही पण खरं कसब तिथे असतं? लिहा सगळ्यांनी.

उगाच_एक

+१०० 

'रिटायर झाल्यावर मी पण सुरू करणार' हे वाक्य राहिलं लिस्टीत :)

कागदी_होडी

टाकादोरा, अगदी मनातलं. मी कार्डं करते आणि आमच्याकडे तर त्याहून वरचढ प्रकार, 'शाळेत आम्ही पण करायचो क्राफ्टच्या तासाला'!

कार्डाची साधी घडी घ्या. कागदाला पण कापडासारखी दिशा असते, मशीनवर कागद बनताना त्यातले तंतू बहुतांशी एका बाजूला लोळलेले असतात. त्या दिशेने घडी घातली तर धारेसारखी पडते, आडवी घातली तर जाड कार्डस्टॉक घडीवर चक्क तडकतो, रंग उडून आतला पांढरा कागद दिसायला लागतो. दिशा ओळखायची कशी तर कागद न मोडता दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघायचा, जिकडून कमी विरोध करतो ती त्याची दिशा. मग तिथे बोथट टोकाने खाच पाडायची, आणि घडी घालायची ती खाच बाहेर राहील आणि मागे उठलेला उंचवटा आत जाईल अशी. बहुतेक जण बरोब्बर उलटी घालतात, कारण खाच दिसली की हात आपोआप तिकडेच वळतो.

गोंद हा अजून वेगळा अध्याय. पाणी असलेला गोंद लागला की कागद फुगतो, आणि तो सगळीकडे सारखा नाही फुगत, तंतूंच्या आडव्या दिशेला जास्त. म्हणून दोन कागद एकमेकांवर चिकटवताना दोघांची दिशा एक नसली तर वाळल्यावर कार्ड पापडासारखं... असो, लक्षात आलं असेल. दुकानातलं कार्ड हातात घेतल्यावर आपण कधी बघतो का ते सपाट आहे का? ते असतंच. हाताने केलेलं सपाट असेल तर ते कुणीतरी सपाट ठेवलंय.

पॉप-अपवर (उघडल्यावर आतलं चित्र उभं राहतं ते कार्ड) लिहू का वेगळं? लांबेल.

टाकादोरा

लिही की, इथे कोणाला घाई आहे.

सरळसोट

जरा विरोधी मत मांडतो, राग मानू नका.

मला कुणी कार्ड दिलं तर मी 'मस्त आहे, आवडलं' म्हणतो आणि मला ते खरंच आवडलेलं असतं. आता त्यासाठी मी आधी कागदाच्या तंतूंचा अभ्यास करायचा का? आपण जेवताना प्रत्येक घासाला रेसिपी विचारत नाही. भेट देणाऱ्याने प्रेमाने दिली, घेणाऱ्याने प्रेमाने घेतली, विषय संपला. 'किती पेशन्स' हे त्यातल्या त्यात प्रामाणिक वाक्य आहे कारण बघणाऱ्याला स्वतःमध्ये जे कमी वाटतं तेच तो बोलून दाखवतो. आणि दुसरं, कौतुक कसं करावं ह्याचे नियम केले की लोक कौतुक करायचंच बंद करतील.

शिवाय आजकाल मशीन इतकं सुबक काम करतं की हाताचं काम चांगलं हे आपोआप कसं ठरतं तेही कळत नाही मला.

उसवणकर

सरळसोट यांच्या शेवटच्या वाक्याला माझा पाठिंबा, बाकीच्याला नाही.

हाताने केलं म्हणून चांगलं हे साफ चूक. मी शिवणाचे क्लास घेते आणि नाव उगाच उसवणकर नाही घेतलेलं. हाताने केलेल्या बऱ्याच गोष्टी वाईट असतात, वाकड्या शिवणी, कडेला चुण्या, धुतल्यावर उसवणाऱ्या. आणि त्या वाईटपणाला 'हातकामाचा गोडवा' म्हणायची फॅशन आलीय त्याचा मला जास्त राग येतो, कारण मग जिने जीव तोडून सरळ शिवलं तिची किंमत काय राहिली? चुकीलाही गोड म्हणायचं आणि अचूकतेलाही पेशन्स म्हणायचं, म्हणजे दोन्हीकडून कसबाची वाट.

ह्यावरून आठवलं, नेटवर एक गोष्ट फार फिरते की अमेरिकेतले आमिश (जुन्या साध्या पद्धतीने राहणारा ख्रिस्ती पंथ) लोक गोधडीत मुद्दाम एक चूक ठेवतात, कारण परिपूर्ण फक्त देव. ऐकायला छान आहे, पण गोधड्यांचे अभ्यासक ह्याला दंतकथाच मानतात. आणि साधा विचार करा ना, ज्यांनी पंधरावीस वर्षं शिवलंय त्यांना विचारा, चूक मुद्दाम घालायची वेळ येते का कधी :)

आता मशीनचं. मशीनने शिवलं म्हणजे मशीनने केलं असं नसतं हो. फ्री मोशन क्विल्टिंग नावाचा प्रकार असतो, त्यात मशीन कापड पुढे ओढतच नाही, दातरं (सुईखालचे कापड ओढणारे दाते) खाली उतरवून ठेवतात आणि सगळी गोधडी आपल्या दोन हातांनी सुईखाली फिरवायची, वेलबुट्ट्या काढत. टाक्याची लांबी ठरते ती पायाने दाबलेला वेग आणि हाताचा वेग ह्यांच्या मेळावर. पाय जोरात हात हळू, की टाके बारीक होऊन एका जागी गोळा होतात. हात जोरात पाय हळू, की लांबलचक ढांगा. वळणावर सगळ्यांचाच हात आपसूक झपकन फिरतो आणि नेमके तिथेच टाके लांब होतात. म्हणून मी कुणाचं काम बघायला घेतलं की पहिल्यांदा वळणं बघते.

निवांत

उसवणकर, 'कसबाची वाट' हे वाक्य फ्रेम करून लावायला हवं.

जुनंपानं

थोडा इतिहास घालतो मध्ये, कारण हा कौतुकाचा घोळ जुना आहे.

हॅरिएट पॉवर्स म्हणून एक बाई होत्या, जन्म १८३७, अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, जन्मतः गुलाम. त्यांच्या दोनच गोधड्या आज शिल्लक आहेत, एक वॉशिंग्टनला स्मिथसोनियनमध्ये आणि दुसरी बोस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समध्ये. कापडाचे आकार कापून जोडून त्यांनी बायबलातले प्रसंग मांडलेत, आणि बोस्टनच्या गोधडीत तर १८३३ चा तो प्रसिद्ध उल्कावर्षावही आहे, म्हणजे त्यांच्या जन्माच्या आधीचा, ऐकलेला. पहिली गोधडी एका चित्रकार बाईने प्रदर्शनात बघितली आणि विकत मागितली, पॉवर्स नाही म्हणाल्या. पुढे पैशाची अडचण आली तेव्हा मागितलेल्या रकमेच्या निम्म्यात द्यावी लागली. पण देताना त्यांनी अकराच्या अकरा चौकटींचा अर्थ समजावून सांगितला आणि घेणाऱ्या बाईने तो लिहून ठेवला. आज त्या गोधडीबद्दल जे काही कळतं त्यातलं बरंचसं त्या टिपणामुळे. सरळसोट, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर हे आहे. अभ्यास नका करू, पण विचारा. विचारल्याने काय काय शिल्लक राहतं बघा.

दुसरं उदाहरण जीज बेंड, अलाबामा नदीच्या वळणातलं छोटं गाव. तिथल्या कृष्णवर्णीय बायका शेतावर घालून विटलेल्या कपड्यांच्या गोधड्या शिवायच्या, कापडावर गुडघ्याच्या ठिगळाखालचा न विटलेला रंगसुद्धा तसाच दिसतो. मोजूनमापून चौकोन नाहीत, शिवता शिवता ठरवलेलं सगळं. २००२ मध्ये ह्यूस्टनच्या म्युझियममध्ये त्यांचं प्रदर्शन झालं, मग न्यूयॉर्कला व्हिटनी म्युझियममध्ये, आणि २००६ मध्ये अमेरिकेने त्यांची टपाल तिकिटं काढली. गोधड्या तर आधी कितीतरी वर्षं तिथेच होत्या.

कागदवाल्यांसाठी मेरी डेलनी. अठराव्या शतकातल्या इंग्लंडातल्या. सत्तरी उलटल्यावर ह्या बाईंनी काळ्या पार्श्वभूमीवर रंगीत कागदाचे बारीक तुकडे चिकटवून फुलं करायला घेतली, वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने अचूक, पुंकेसरासकट. नजर अधू होईपर्यंत हजाराच्या जवळपास केली, ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. फोटो बघितले तर पेंटिंगच वाटतं.

कागदी_होडी

मेरी डेलनी!! एकेका फुलात शेकडो तुकडे आहेत, आणि पाकळीच्या कडेची सावली म्हणजे पुन्हा वेगळ्या छटेचा कागदच. धन्यवाद जुनंपानं, कुणीतरी नाव काढलं.

आणि छापील कार्ड म्हणजे हाताविना झालेलं असंही नव्हतं सुरुवातीला. १८४३ मध्ये लंडनला हेन्री कोल यांनी पहिलं विकायचं ख्रिसमस कार्ड काढलं ते छापून घेतलं खरं पण रंग हातानेच भरलेले होते. नंतर अमेरिकेत वूस्टरला एस्थर हाउलंड यांनी लेसच्या कागदाची व्हॅलेंटाइन कार्डं करायला बायका बसवल्या, एकीने कापायचं, दुसरीने मांडायचं, तिसरीने चिकटवायचं. लेसच्या जाळीखाली रंगीत कागदाचा तुकडा ठेवला की जाळी उठून दिसते ही त्यांची युक्ती आम्ही आजही वापरतो.

आता पॉप-अप. कार्ड उघडल्यावर उभं राहणं हे सोपं असतं, अवघड असतं ते मिटल्यावर सपाट होणं. साधी पेटी उभी करायची म्हटली तरी घडीच्या दोन्ही बाजूंची समोरासमोरची अंतरं बरोबर सारखी लागतात, भूमितीतला समांतरभुज चौकोन असतो तो. दोन मिलिमीटरचा फरक पडला तर कार्ड मिटताना मध्येच अडतं, आणि जोर केला की तिथे नको ती नवी घडी पडते. ती पडली की संपलं, कागदाला उसवता येत नाही. कापडवाल्यांचं एक बरं आहे!

त्यात पुन्हा बंद केल्यावर कडेने काही बाहेर डोकावता कामा नये, म्हणून आधी साध्या कागदाचा कच्चा नमुना, मग सुधारून दुसरा, मग कधीतरी चांगला कागद कापायचा. लोक बघतात तो शेवटचा.

नवखी_सुई

सगळं वाचून दडपण आलंय :( मी आत्ताच सुरुवात केलीय. पण मला उलट विचारायचंय, आत्याने मला गोधडी दिलीय, पूर्ण हाताने शिवलेली. फोन करून तिला काय सांगू? 'छान आहे' झालंय सांगून.

टाकादोरा

नवखी, दडपण कशाला, उलट तुला आता मजा येणार आहे.

गोधडी उजेडात आडवी धर आणि टाक्यांकडे बघ. धावदोरा तीन थरांतून गेलेला असतो, वरचं कापड, मधला कापूस नाहीतर बॅटिंग (तयार भरणाचा थर), खालचं अस्तर. वर टाका जेवढा लांब तेवढंच मधलं अंतर आहे का बघ. मग उलटी कर आणि खाली पण तसंच आहे का बघ, खरी परीक्षा ती, कारण खालची बाजू शिवताना दिसतच नाही. खालच्या हाताचं बोट सुईचं टोक टोचतंय की नाही ते चाचपत असतं, टोक लागलं न लागलं की लगेच सुई वर वळवायची, वरच्या हाताच्या बोटात अंगुस्तान आणि आखूड सुई. भरपूर शिवणाऱ्यांचं खालचं बोट घट्टे पडून निबर झालेलं असतं.

मग गाठ शोध. दोरा संपला असेलच ना कुठेतरी, नवीन सुरू झाला असेल. गाठ सापडली नाही तर ती कापडातून हलक्या झटक्याने आत ओढून मधल्या थरात लपवलेली आहे. झटका कमी पडला तर गाठ वरच राहते, जास्त झाला तर पलीकडून बाहेर येते नाहीतर कापडाला भोक पडतं.

आणि मग जरा लांब जाऊन डोळे बारीक करून बघ. रंग पुसट होतात आणि फक्त गडद-फिकं उरतं. तेव्हाही नक्षी दिसली तर आत्याने कापडं निवडताना रंगाच्या पुढे जाऊन विचार केलाय. बरेच जण ह्यासाठी मोबाईलवर ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढून बघतात. लाल आणि हिरवा एकमेकांशेजारी कितीही उठून दिसोत, दोन्ही सारखेच गडद असले की काळ्यापांढऱ्या फोटोत एक होतात.

ह्यातलं जे दिसेल ते एकच सांग तिला. 'आत्या, गाठ कुठेच सापडत नाहीये' एवढंच म्हण.

उसवणकर

आणि कोपरे बघ गं. काठाची पट्टी कोपऱ्यावर वळवताना पंचेचाळीस अंशांत दुमडलेली असते, ती दुमड थेट टोकातून निघाली पाहिजे आणि कोपरा चौकोनी हवा, गोल झालेला नको. गोधडीची कड गोलाकार असेल तर पट्टी उरेब (तिरप्या कापाच्या) कापडाची असणार, सरळ कापाची पट्टी वळणावर चुण्या पाडते. माझ्या मते काठ हे सगळ्यात नावडतं काम, सगळं झालेलं असतं, कंटाळा आलेला असतो, आणि नेमकं तेच सगळ्यांत आधी झिजतं. काठ चांगला असेल तर बाकी डोळे मिटून चांगलं समजायचं.

जुनंपानं

ह्यात एक भर. सगळीकडे पद्धत एक नसते. साधारणपणे आधी वरचा भाग जोडून तयार करतात आणि मग तीन थर मधून बाहेरच्या दिशेने टाचत जातात म्हणजे फुगवटा कडेला निघून जातो. पण कर्नाटकातल्या सिद्दी (आफ्रिकी वंशाच्या) बायकांची कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, बरोब्बर उलटी, कडेपासून सुरू करून तुकडे लावत लावत, शिवत शिवत आत मध्यापर्यंत. जोडणं आणि गोधणं (थर एकत्र टाचणं) एकाच वेळी. तिथे चौक जुळलेत का हे शोधत बसलो तर आपणच चुकीचं काहीतरी बघतोय. जीज बेंडचंही तेच. तेव्हा उसवणकर, सरळ रेघ हीच कसोटी सगळ्यांना नका लावू :)

उसवणकर

मान्य, अर्धं. रेघ मुद्दाम वाकडी असेल तर ती कळते. ती पुढे कुठेतरी दुसऱ्या वाकड्या रेघेला उत्तर देत असते. चुकून वाकडी झालेली नुसतीच वाकडी असते. आणि कवंदीत तुकडे कसेही असले तरी टाक्यांच्या ओळी बघा काय सारख्या जातात.

सरळसोट

माझं मत पूर्ण बदललं नाही, आधीच सांगतो. पण घरात एक पॉप-अप कार्ड पडलं होतं, मेहुणीने केलेलं, ते काढून चार वेळा उघडून मिटून बघितलं. कुठेच अडत नाही, बाहेर काही डोकावत नाही. म्हणून तिला फोन केला आणि सहज विचारलं की हे मिटताना अडत कसं नाही. चूक झाली राव. फोन स्पीकरवर ठेवून भांडी घासून झाली तरी तिचं चालूच होतं, आणि आता रविवारी आधीचे फसलेले नमुने घेऊन येणार आहे दाखवायला.

उगाच_एक

सरळसोट, रविवारी 'किती पेशन्स आहे तुला' हे ती तुम्हाला म्हणणार :)

नवखी_सुई

आत्याशी बोलले!! गाठीचं सांगितलं तर आधी दोन सेकंद गप्प आणि मग म्हणाली 'तू शोधलीस?' आणि हसत सुटली. तिने सांगितलं की डाव्या कोपऱ्याजवळ एक आहे, दोरा तुटला होता म्हणून. ती पण सापडली मला.

एक विचारायचं राहिलं. गोधडीवर तिचं नाव कुठेच नाहीये. जुनंपानंचं वाचल्यावर वाटतंय असायला हवं. मी नंतर लावलं तर चालेल का?

टाकादोरा

चालेल की. मागच्या बाजूला खालच्या कोपऱ्यात सुती कापडाचा छोटा तुकडा, कडा आत दुमडून, बारीक हेमिंगने लाव. टाके फक्त अस्तरातून घे, वरपर्यंत येऊ देऊ नकोस. नाव, वर्ष, कुणासाठी केली ते. तिच्याच अक्षरात लिहून घेतलंस तर उत्तम. स्वतः करणाऱ्यांनी गोधायच्या आधीच अस्तरावर लावावं, म्हणजे गोधण्याचे टाके त्यातून जातात आणि सहज काढता येत नाही.

नवखी_सुई

पेन कुठलं घेऊ? साधं मार्कर चालेल?

उसवणकर

साधं नको, फुटतं आणि पसरतं. पिग्मेंट शाईचं, कापडासाठीचं घे. आधी त्याच कापडाच्या उरलेल्या तुकड्यावर लिही, कोरडी इस्त्री फिरव, दोनदा धू, मग खऱ्या तुकड्याला हात लाव. आणि कापड धुऊन आटवून घेतल्याशिवाय अजिबात शिवू नकोस.